विशीतलं कपाळ

धारगळच्या आणि सगळ्या पेडणे तालुक्यातल्या आई-बाबांनो, अलीकडे तुमच्यापैकी बरेच जण माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. कपाळ नितळ. आणि ती म्हणते, म्हापशाला जाऊन बोटॉक्स घेऊन येते. रेषा उमटण्याआधीच इंजेक्शन घेतलं तर त्या येतच नाहीत, असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. नोकरी तिची, पैसे तिचे. रागावलं तर ती बोलणंच बंद करेल, आणि गप्प बसायला तुमचा जीव राजी होत नाही.

माझं मत आधीच सांगते. विशीत, चेहऱ्यावर एकही कायमची रेषा नसताना हे इंजेक्शन घेऊ नये. पण एवढं वाक्य मुलीला ऐकवून काही होत नाही, कारण तिच्या मोबाइलवर रोज याच विषयाची माहिती येते आणि तुमच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं तिला वाटतं. काही बाबतींत ते खरंही असतं. तेव्हा तिच्याशी बोलायचं तर आधी आपण नीट समजून घेतलं पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे तिच्या या इच्छेला नखरे म्हणू नका. गेल्या काही वर्षांत आपला भाग केवढा बदलला, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ ला विमानं उडायला लागली. धारगळात अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचं मोठं इस्पितळ उभं राहिलं. २०२४ च्या डिसेंबरात सनबर्नचा संगीत महोत्सव याच धारगळात भरला. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर हॉटेलं आधीपासून होतीच. आमच्या पिढीतल्या बायका शेतात, काजूच्या बागेत, शाळेत, अंगणवाडीत राबल्या. आमच्या कपाळावर किती आठ्या पडल्या ते पगार देणाऱ्याने कधी पाहिलं नाही. आजच्या मुली विमान कंपन्यांच्या काउंटरवर, हॉटेलच्या रिसेप्शनवर, मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर आठ-आठ तास हसऱ्या चेहऱ्याने उभ्या असतात. ‘आज थकलेली दिसतेस’ हे वाक्य त्यांना सुपरवायझरकडून ऐकावं लागतं. घरी आल्यावर फोनच्या कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा दिसतो तो फिल्टर लावलेला, आणि आरशात दिसतो तो वेगळा. मुलगेही यातून सुटलेले नाहीत, फक्त ते घरी बोलत नाहीत. ही इच्छा कुठून आली हे कळलं की तिच्याशी बोलताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

आता औषधाविषयी. बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव, पण आता सगळेच तसलं कुठलंही इंजेक्शन त्याच नावाने ओळखतात. औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू ते तयार करतो. जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. जर्मनीत १८२० च्या सुमाराला युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने खराब झालेलं सॉसेज खाऊन लोकांचे स्नायू कसे लुळे पडतात याचा अभ्यास केला होता, तेच हे विष. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते अतिसूक्ष्म मात्रेत तिरळ्या डोळ्यांसाठी वापरून पाहिलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याचा विकार यांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांचा शोध योगायोगाने लागला. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स पापण्यांच्या रुग्णांना हे इंजेक्शन देत होत्या. एका रुग्ण बाईने कपाळाच्या रेषा गेल्याचं सांगितलं. जीन यांचे पती ॲलेस्टर त्वचातज्ज्ञ होते. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की तुम्ही घरी जाऊन ‘अगं ते विष आहे’ एवढंच म्हणालात तर मुलगी फोन उघडून दाखवेल की हेच विष लाखो लोकांचं भलं करतं. आणि तिचं बरोबर असेल. पक्षाघातानंतर आखडलेला हात सैल करायला, जुनाट अर्धशिशीला, काखेत फार घाम येणाऱ्यांना डॉक्टर हेच औषध देतात. योग्य पद्धतीने, योग्य मात्रेत, जाणकार हाताने दिलं तर ते सहसा धोकादायक नाही. भीती घालून मुलीला थांबवू पाहाल, तर पहिल्याच चुकीच्या माहितीवर तुमची पत जाईल.

ते काम कसं करतं? मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत पोचवणारं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन असतं. हे औषध नसेच्या टोकातून ते बाहेर पडू देत नाही. हुकूम पोचत नाही, स्नायू आकसत नाही, वरची त्वचा दुमडत नाही, म्हणून आठी दिसत नाही. परिणाम तीन-चार दिवसांत दिसायला लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो, आणि साधारण तीन ते चार महिन्यांत उतरतो. शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. तीन ते चार महिने. सगळी गोष्ट यात आहे.

मुलीशी बसून हिशेब मांडा. बाविसाव्या वर्षी सुरू केलं आणि पंचेचाळीसपर्यंत चालू ठेवलं, तर तेवीस वर्षं. वर्षाला तीन वेळा म्हटलं तरी एकोणसत्तर वेळा सुई. दर क्लिनिकप्रमाणे बदलतो आणि किती युनिट लागली त्यावर ठरतो. आपण हिशेबापुरते एका वेळचे दहा हजार धरू. तेवीस वर्षांत सहा लाख नव्वद हजार रुपये होतात, तेही दर वाढला नाही असं मानून. ज्या मुलीचा पहिला पगार नुकताच खात्यात आलाय, तिने हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने लिहून पाहावा. भाषणाने होत नाही ते एवढ्या हिशेबाने होतं.

तिचा खरा मुद्दा मात्र आठी घालवण्याचा नाहीच. तिला आठी येऊच द्यायची नाही. चेहऱ्यावरच्या रेषा दोन प्रकारच्या. एक, आपण हसलो, रागावलो, भुवया उंचावल्या की उमटणाऱ्या आणि चेहरा सैल सोडला की मिटणाऱ्या. दुसऱ्या, चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या. पहिलीच हजारो वेळा उमटून पुढे दुसरी होते हे खरं. म्हणून स्नायूच हलू दिला नाही तर दुसरी यायला उशीर होईल, हा तर्क चुकीचा नाही. या तर्काच्या बाजूने एक दाखला नेहमी दिला जातो. विल्यम बाइंडर नावाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये एकसारख्या जुळ्या बहिणींचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. एकीने तेरा वर्षं नियमित इंजेक्शनं घेतली होती, दुसरीने त्या काळात फक्त दोनदा. नियमित घेणारीच्या कपाळावर रेषा कमी होत्या. दाखला खरा आहे, पण तो दोन बायकांचा आहे. दोन बायकांवरून पेडण्यातल्या सगळ्या मुलींनी बाविसाव्या वर्षी काय करावं ते ठरत नाही. शिवाय युरोपीय वंशाच्या त्वचेवरच्या या चर्चेत एक गोष्ट हरवते. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं आणि ते उन्हापासून बरंच संरक्षण देतं. आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात. आपल्याकडे आधी येतात ते वांग, काळे डाग, डोळ्यांभोवतीचा काळेपणा. त्यांच्यावर बोटॉक्सचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे मुलगी ज्या गोष्टीसाठी पैसे खर्च करायला निघालीय ती तिच्या चेहऱ्यावर बहुधा दहा-पंधरा वर्षं येणारच नसते, आणि जे आज आलंय त्यावर हे औषध चालत नाही.

दुष्परिणामही सांगते, वाढवून नाही आणि लपवूनही नाही. टोचलेल्या जागी निळसर डाग, एकदोन दिवस डोकेदुखी, हे नेहमीचं. औषध शेजारच्या स्नायूत उतरलं तर पापणी खाली येते किंवा एक भुवई वर, एक खाली दिसते, आणि ते ओसरेपर्यंत काही आठवडे थांबावं लागतं. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर हे औषध घेऊच नये. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना टाळावं. वर्षानुवर्षं न हलवलेला स्नायू बारीक होतो. काही जणांच्या शरीरात औषधाविरुद्ध प्रतिकार तयार होतो आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते चालेनासं होतं. असं क्वचितच घडतं, पण घडतं. एक भीती मात्र खोटी आहे: थांबवलं की चेहरा पूर्वीपेक्षा वाईट होतो, ही. तसं होत नाही. जो चेहरा होता तोच परत येतो. पण तीन महिने काचेसारखं कपाळ पाहिलेल्या मुलीला आपलाच चेहरा परत आल्यावर म्हातारा वाटतो, आणि ती पुन्हा जाते. या फेऱ्यातून बाहेर पडणं सोपं नसतं. माझा विशीतल्या इंजेक्शनला सगळ्यात मोठा विरोध आहे तो यासाठी.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे जी कुठल्या क्लिनिकच्या कागदावर लिहिलेली नसते. जत्रेला रात्रभर दशावतार पाहत बसलेली माणसं आपण. रंग फासलेल्या चेहऱ्यावर नटाची एक भुवई वर गेली की मंडपात मागे बसलेल्या म्हातारीलाही कळतं की आता राजा रागावणार. आपण चेहरे वाचायला तिथे शिकलो. गावच्या मराठी नाटकात काम करणाऱ्या मुली आजही गावोगाव आहेत. भुवया आणि कपाळ हेच ज्यांचं साधन, त्यांनी ते निश्चल करून घ्यायचं का, हा प्रश्न त्यांनाच विचारा. काउंटरवर उभ्या मुलीलाही विचारा. समोरच्या प्रवाशाची तक्रार ऐकताना तिच्या चेहऱ्यावर आस्था उमटते ती कपाळातूनच.

मग रेषा लांबणीवर टाकायच्या तर काय? इथे विज्ञान स्पष्ट बोलतं, आणि स्वस्तात बोलतं. त्वचा वेळेआधी म्हातारी होते ती मुख्यतः उन्हाने. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावात ९०३ माणसांवर साडेचार वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, निम्म्यांना जेव्हा वाटेल तेव्हा. निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी. दुसरा दाखला एका फोटोचा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा चेहरा छापून आला. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला हा माणूस. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, खिडकीचं ऊन डाव्या गालावर. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी वर्षं म्हातारी, खोल वळ्यांची. काचेतून अतिनील किरणांतला ‘ए’ प्रकार आत येतो, आणि सुरकुत्या पाडण्यात त्याचाच मोठा वाटा असतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतात. धारगळवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ट्रक, बस, टॅक्सी चालवणाऱ्या आपल्या माणसांचे उजवे गाल बघा.

तो फोटो मुलीला दाखवा. तुम्ही दोघंही बघा. आणि दुचाकीवरून कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाला रोज जाणाऱ्या मुलीला विचारा, हेल्मेटच्या काचेखाली चेहऱ्याला सनस्क्रीन लावतेस का? बहुतेक मुली लावत नाहीत. चेहऱ्यावर दहा हजार घालायला निघालेली मुलगी चारशे रुपयांची ट्यूब मात्र विकत घेत नाही. एसपीएफ तीस किंवा वर, ‘ए’ किरणांपासूनही संरक्षण देणारी, चेहरा, मान, कान आणि हातांच्या पाठीवर पुरेशी लावलेली, बाहेर राहायचं असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. मार्च ते मे आपल्याकडचं दुपारचं ऊन फार कडक, पण पावसाळ्यातले ढगही अतिनील किरण पूर्ण अडवत नाहीत. सिगारेट हा दुसरा मोठा शत्रू. हॉटेलच्या मागच्या दाराशी ब्रेकमध्ये सिगारेट ओढणाऱ्या मुलांच्या ओठांभोवती लवकर रेषा येतात, त्याला कुठलंही इंजेक्शन पुरं पडत नाही. रात्रपाळीत झोप मोडते, त्याचा परिणामही चेहऱ्यावर उमटतो.

धारगळातच आयुर्वेदाची एवढी मोठी संस्था असल्यामुळे बरेच पालक म्हणतात, मग आयुर्वेदाचं काहीतरी देऊया. चरकाने आपल्या संहितेत वय टिकवणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गण सांगितलाय. त्यात गुळवेल, हिरडा, आवळा, मंडूकपर्णी, पुनर्नवा आहेत. त्याच संहितेत आचाररसायन नावाचा भाग आहे, ज्यात खरं बोलणं, राग आवरणं, वेळेवर झोपणं आणि जागणं, दूधतूप घेणं यांना औषधाइतकंच महत्त्व दिलंय. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. पण बाजारातली ‘आयुर्वेदिक’ असं लिहिलेली प्रत्येक बाटली म्हणजे चरक नव्हे. काही घ्यायचं तर त्या संस्थेच्या किंवा दुसऱ्या नोंदणीकृत वैद्याला नाडी दाखवून घ्या.

बाटल्यांचा विषय निघालाय तर इंजेक्शनापेक्षा ज्या गोष्टीने मी जास्त घाबरते ती सांगते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर कळलं की त्या वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा होता. मुलीने आणलं, घरातल्या सगळ्यांनी लावलं. आपल्या घरांतही असंच होतं, एक डबी येते आणि आई, मावशी, आजी सगळ्या वापरतात. दुसरं विष स्टेरॉइडच्या मलमांचं. सरकारने २०१८ मध्ये ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती सहज मिळतात. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग लाल होतो, पातळ होतो, केस उगवतात, पुरळ येतं. आणि रंग उजळण्याच्या सलाइनींचं खूळ आहे, ग्लुटाथायोनचं. त्वचा उजळण्यासाठी अशा कुठल्याही इंजेक्शनाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. लग्नाच्या आधी ‘ग्लो पॅकेज’ म्हणून कुणी हे देत असेल तर तिथून उठून या.

लग्नाचा विषय मला टाळता येत नाही. काही आई-बाबा स्वतःच मुलीला घेऊन क्लिनिकमध्ये जातात, कारण बघायला येणार आहेत. मी तुम्हाला कळकळीने सांगते, हे करू नका. लग्नाला, चवथीला, बारशाला जमलेल्या घरात मुलगी आली की पहिलं वाक्य काय असतं? ‘काय गो, काळी पडलीस?’, ‘डोळे किती खोल गेलेत तुझे’, ‘धाकटी बघ कशी तुकतुकीत दिसते’. मायेने बोलतात सगळ्या. पण आठवीतल्या मुलीच्या कानावर पडलेलं असं वाक्य बाविसाव्या वर्षीही पुसलं जात नाही. क्लिनिकची जाहिरात त्या जुन्या वाक्यालाच हाक मारते. तुमच्या घरात आत्ता दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर आजपासून त्यांच्या रंगावर, नाकावर, जाडीवर बोलणं पूर्ण बंद करा, आणि पाहुण्यांनाही तिथल्या तिथे थांबवा. आणि स्वतःच्या आठ्यांना मुलांदेखत नावं ठेवणंही थांबवा. आई आरशासमोर उभी राहून ‘बघ, किती म्हातारी झाले’ म्हणते तेव्हा लहान मुलगी शेजारी उभी असते आणि सगळं ऐकत असते.

या लहान मुलांसाठी नियम साधा आहे. अठराच्या आत सौंदर्यासाठी बोटॉक्स नाही, ओठ-गाल भरायचं फिलर नाही. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कायद्याने बंद केलं. आपल्या घरात तो कायदा आपणच करायचा. सातवी-आठवीतल्या मुली व्हिडिओ बघून रेटिनॉल आणि आम्लांची सीरम लावायला लागल्या आहेत. प्रौढांसाठी बनवलेली ही द्रव्यं कोवळ्या त्वचेची जळजळ करतात. तोंड धुवायला सौम्य साबण आणि उन्हात सनस्क्रीन, एवढंच त्या वयाला लागतं.

अठरापुढची मुलगी सज्ञान आहे. तुमची परवानगी तिला लागत नाही. म्हणून तिच्या आणि तुमच्यामधलं दार उघडं राहणं, हे तुमच्या होकार-नकारापेक्षा महत्त्वाचं. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड मालिकांतली अभिनेत्री चरबी कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. आपल्याला न कळवता ती गेली होती, असं तिच्या आई-वडिलांनी सांगितल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. ती शस्त्रक्रिया होती, बोटॉक्सपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट, दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. पण ‘घरी कळलं तर रागावतील’ या विचाराने मुलं एकटी जातात, आणि एकट्याने गेलं की प्रश्न विचारणारं कुणी सोबत नसतं.

तेव्हा बोला कसं? जेवणाच्या ताटावर नको, भावंडांसमोर नको. दोघंच असताना विचारा: हे तुला कधीपासून वाटायला लागलं? कुणी काही बोललं का? कामावर? मित्रमंडळींत? आणि ऐका. मध्ये सल्ला देऊ नका. बहुतेक वेळा खरं कारण चेहऱ्याच्या बाहेर सापडतं. बढती हुकलेली असते, कुणाशी तरी नातं तुटलेलं असतं, सतत रात्रपाळी असते. मुलगी तासन्‌तास आरशापुढे बसत असेल, जे तुम्हाला दिसतही नाही त्या रेषेविषयी रडत असेल, त्यासाठी लोकांत जाणं टाळत असेल, तर तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार होतात. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका. अशा मुलीला इंजेक्शन दिलं तरी समाधान होत नाही, ती पुढच्या रेषेकडे वळते.

सगळं ऐकूनही ती म्हणाली, मी घेणारच, तर मग भांडू नका. सोबत जा. ब्युटी पार्लरमध्ये, कुणाच्या घरी भरलेल्या ‘पार्टी’त, हॉटेलच्या खोलीत हे कधीही घेऊ नये. त्वचारोगाची किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी असलेल्या डॉक्टरकडेच जा आणि त्यांची गोवा मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. कुपी समोर उघडायला सांगा, तिचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहून घ्या. हे औषध थंड ठेवावं लागतं, कुठे ठेवता ते विचारा. अमेरिकेसारख्या ठिकाणी २०२४ मध्ये बनावट किंवा अयोग्य रीतीने दिलेल्या अशा इंजेक्शनांनी अकरा राज्यांतल्या २२ जणी आजारी पडल्याची नोंद झाली, त्यांतल्या अकरा जणींना इस्पितळात ठेवावं लागलं. दर फारच कमी सांगितला तर का, ते विचारायला लाजू नका. इंजेक्शनानंतर गिळायला त्रास, दुहेरी दिसणं, श्वास जड होणं यांपैकी काही झालं तर क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. आणि बोटॉक्सबरोबर फिलरही घ्या असं कुणी सुचवलं तर त्या दिवशी नाहीच म्हणा. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. तो निर्णय वेगळा, आणि वेगळ्या दिवशी घ्यायचा.

पस्तिशी-चाळिशीत, चेहरा शांत असताना आठी खरोखर दिसायला लागल्यावर, एखाद्या बाईने सगळं समजून हे इंजेक्शन घेतलं तर मी तिला एका शब्दाने बोलणार नाही. तिचा चेहरा, तिचे पैसे, तिचा विचार. बाविसाव्या वर्षी मात्र ज्याला इलाज करायचा ती आठीच अजून आलेली नसते.

मुलीला घेऊन एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. म्हापशाला चांगले डॉक्टर आहेत, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात त्वचा विभाग आहे. सल्ला घ्यायला गेलं म्हणजे इंजेक्शन घेऊनच यायला हवं असं नाही. चांगला डॉक्टर बाविसाव्या वर्षीचं नितळ कपाळ बघून सनस्क्रीन लिहून देतो आणि घरी पाठवतो.